कीबोर्ड पुसायचा कोणी?

लोणंदची ओळख कांद्याच्या बाजारपेठेची. पुणे-मिरज रेल्वेमार्गावरचे स्टेशन, तिथून फलटणकडे गेलेला फाटा, औद्योगिक वसाहत आणि दरवर्षी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम. गाव फार मोठे नसले तरी माणसांची ये-जा मोठी. या माणसांचे काम आज कुठे ना कुठे संगणकावर येऊन थांबते. आडतीवरची पट्टी संगणकावर निघते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेल्वेचे तिकीट, हजचा अर्ज, सगळे तिथेच. रेशनचे धान्य घ्यायचे तर मशीनवर अंगठा द्यावा लागतो.

आम्ही शिक्षकही यातून सुटलेलो नाही. पगाराचे 'शालार्थ', विद्यार्थ्यांचे 'सरल', शाळेच्या माहितीचे 'यू-डायस' अशी कामे वर्षभर चालतात आणि बऱ्याच शाळांत त्यासाठी संगणक असतो एकच. खडूने पांढरे झालेले हात घेऊन एक जण उठतो, दुसरा बसतो. मधल्या सुट्टीत डबा खाऊन तिसरा येतो. संध्याकाळी शिपाई टेबल पुसतो, फरशी पुसतो, पण कीबोर्डला हात लावत नाही. काही बिघडले तर आपल्यावर येईल, असे त्याला वाटते. साहेबांना वाटते, हे शिपायाचे काम. असा तो कीबोर्ड वर्षानुवर्षे सगळ्यांच्या हाताखाली राहतो आणि कोणाच्याच जबाबदारीत नसतो.

विषय तसा लहान वाटेल. पण आपल्या घरातली मुले-मुली आता सेवा केंद्रात, बँकेत, दवाखान्याच्या काउंटरवर, कारखान्याच्या ऑफिसात दिवसभर याच कळांवर बोटे ठेवून बसतात आणि तेच हात घेऊन घरी येतात. घरी तान्हे बाळ असते, दम्याचा त्रास असलेल्या अम्मी असतात, साखरेचा विकार असलेले अब्बा असतात. म्हणून या विषयावर थोडे नीट बोलू या.

टाइपरायटरची शिस्त

ज्यांनी टायपिंगच्या क्लासमध्ये 'तीस-चाळीस'ची परीक्षा दिली आहे त्यांना आठवेल. मशीनवर बसण्याआधी कव्हर काढून नीट घडी करून ठेवायचे. आठवड्यातून एकदा ब्रशने अक्षरांच्या खिळ्यांत अडकलेली शाई काढायची. नाहीतर 'व' आणि 'ब' मधला फरक कागदावर दिसायचा नाही. जाताना पुन्हा कव्हर घालायचे. कव्हर न घालता उठलेल्या विद्यार्थ्याला सर परत बोलवत.

या यंत्राशी आपल्या भागाचे नातेही आहे. भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर गोदरेजने १९५५ साली बाजारात आणला. अखेरच्या काळात हे टाइपरायटर आपल्याच खंडाळा तालुक्यातल्या शिरवळच्या कारखान्यात तयार होत. २००९ साली ते उत्पादन थांबले आणि त्या जागी फ्रिज बनू लागले. त्याच्या आधीच, २००१ मध्ये, महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला होता आणि गावोगावची मुले टाइपरायटरवरून उठून संगणकासमोर बसू लागली होती.

यंत्र बदलले, अक्षरांच्या कळा तशाच राहिल्या. मात्र कव्हर आणि ब्रशची शिस्त मागे राहिली. टाइपरायटर घाण झाला की कागदावर लगेच दिसायचे. कीबोर्ड कितीही मळला तरी पडद्यावर अक्षर स्वच्छच उमटते. घाण समोर दिसत नाही, म्हणून ती काढायची आठवणही होत नाही.

कीबोर्डवर नेमके काय असते?

आपल्याकडच्या एखाद्या जुन्या कीबोर्डला उलटा करून पांढऱ्या कागदावर हलकेच थोपटा. केस, बिस्किटाचा चुरा, खडूची पूड, मेलेली मुंगी आणि लोणंदसारख्या गावात कांद्याच्या पातीचे तुकडे पडतील. ही झाली डोळ्यांना दिसणारी घाण. न दिसणारी त्याहून वेगळी.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गर्बा यांनी सुमारे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ऑफिसांतल्या वस्तूंवरचे जिवाणू मोजले. दर चौरस इंचाला टेलिफोनवर २५,००० हून अधिक, कीबोर्डवर सुमारे ३,३००, माउसवर सुमारे १,७०० आणि संडासाच्या सीटवर फक्त ४९ जिवाणू आढळले. २००८ मध्ये इंग्लंडच्या 'विच?' या ग्राहक संस्थेने लंडनच्या एका ऑफिसातले ३३ कीबोर्ड तपासले. त्यातला एक इतका घाण निघाला की तो तिथून हलवावा लागला.

हे आकडे मोबाइलवर फिरतात आणि वाचून अंगावर काटा येतो. पण आकड्यांना घाबरण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी. संडासाची सीट रोज धुतली जाते, कीबोर्ड कोणी धुत नाही. आकड्यांतला मोठा फरक तिथून येतो. दुसरे म्हणजे, जिवाणू आहेत म्हणजे आजार आहे असे नाही. कीबोर्डवरचे बहुतेक जिवाणू आपल्या कातडीवर नेहमी राहणारे, निरुपद्रवी असतात. २०१० मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी तर असे दाखवले की कीबोर्डच्या कळांवरचे जिवाणू तो वापरणाऱ्या माणसाच्या बोटांवरच्या जिवाणूंशी जुळतात. कीबोर्ड कोणाचा, हे त्यावरून ओळखता येते. म्हणजे ज्याचा संगणक त्याच्या एकट्याच्या वापरात आहे त्याने फार चिंता करण्याचे कारण नाही. त्यावरचे जिवाणू त्याचेच आहेत.

कोरोनाच्या काळातही हा धडा मिळाला. २०२० च्या मार्चमध्ये शास्त्रज्ञांनी सांगितले की हा विषाणू प्लास्टिकवर तीन दिवसांपर्यंत तग धरू शकतो. मग आपण भाजीसुद्धा साबणाने धुतली. पुढे २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने स्पष्ट केले की वस्तूला हात लावल्याने कोरोना होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी आहे. तो मुख्यतः श्वासातून पसरत होता. तेव्हा कीबोर्ड म्हणजे विषाची बाटली, असा समज करून घेऊ नये.

मग काळजी कधी करायची?

जिथे एकाच कीबोर्डवर अनेकांचे हात पडतात आणि त्यातले कोणी आजारी असते, तिथे काळजी करायची. याचे एक उदाहरण प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

२००७ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन शहरातल्या एका प्राथमिक शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली. मुले आणि कर्मचारी मिळून शंभराच्या आसपास माणसे आजारी पडली. शाळेने साफसफाई केली. दरवाज्यांच्या मुठी पुसल्या, संडास धुतले, तरी शंका राहिली. मग तपासणी करणाऱ्यांनी वेगवेगळ्या वस्तूंवरून नमुने घेतले. नोरोव्हायरस नावाचा विषाणू सापडला तो पहिलीच्या वर्गातल्या संगणकाच्या माउस आणि कीबोर्डवर. सगळी शाळा पुसली गेली होती, ती वस्तू मात्र कोणाच्या यादीतच नव्हती. त्यानंतर वारंवार हाताळल्या जाणाऱ्या अशा वस्तूही साफ करायला सांगण्यात आले.

आपल्याकडचे उदाहरण डोळे येण्याचे. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदीत डोळे येण्याची साथ सुरू झाली आणि बघता बघता राज्यभर पसरली. शाळांमध्ये रोज नवी मुले लाल डोळे घेऊन येत होती. डोळा चोळलेला हात वहीला, बाकाला, पाण्याच्या नळाला आणि संगणक कक्षातल्या माउसला लागतो. पुढचे मूल तोच माउस धरते आणि नकळत आपल्या डोळ्याकडे हात नेते. जुलाब, डोळे येणे, त्वचेचे काही आजार, सर्दीचे काही विषाणू यांचा हा ठरलेला रस्ता आहे.

दवाखान्यात हा धोका आणखी वाढतो. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न मेमोरियल रुग्णालयातल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की औषधांना दाद न देणारे काही जिवाणू कीबोर्डवर चोवीस तासांनंतरही जिवंत राहतात. केस पेपर काढणारी मुलगी, नोंद करणारी नर्स, रिपोर्ट टाइप करणारा लॅबवाला यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी.

आपल्या भागातल्या सवयींचाही विचार करावा लागेल. थुंकी लावून नोटा मोजणे, तंबाखू मळून झाल्यावर तळहात झटकून माउस धरणे, मिश्रीचे बोट पदराला पुसून अंगठा द्यायला पुढे करणे, मशीन अंगठा घेत नाही म्हणून तो जिभेला लावून ओला करणे. कांद्याच्या वखारीत राबणाऱ्या आणि शेतात खुरपणाऱ्या माणसांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन त्यांना दोन-दोन, चार-चार वेळा नाकारते. त्यात त्यांचा दोष नाही. पण काउंटरवर पाण्याने ओला केलेला स्पंज ठेवला तर जिभेला अंगठा लावण्याची वेळ कोणावर येणार नाही. नोटा मोजायलाही तोच उपयोगी. बँकांत असा स्पंज पूर्वीपासून असतो. तो रोज धुवावा आणि पाणी बदलावे, एवढेच.

आधी हात, मग कीबोर्ड

कीबोर्ड कितीही चकचकीत केला आणि पुढचा हात मळका आला तर मेहनत दोन मिनिटांत वाया जाते. म्हणून पहिला क्रम हातांचा. जेवणाआधी, संडासातून आल्यावर, नाक शिंकरल्यावर आणि सार्वजनिक संगणकावरून उठल्यावर साबणाने हात धुवावेत. वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांसह आणि नखांच्या कडांसह.

वजूमुळे आपले हात दिवसातून अनेकदा धुतले जातात, ही मोठी नेमत आहे. मात्र वजू करताना साबण वापरला जातोच असे नाही. घरात किंवा ऑफिसात कोणाला जुलाब, डोळे येणे असा त्रास असेल तेव्हा आधी साबणाने हात धुवून मग वजू करावे.

सॅनिटायझरबद्दल आम्हाला पालक नेहमी विचारतात. साबण-पाणी नसेल तिथे तो उपयोगी आहे. पण वर सांगितलेल्या नोरोव्हायरसवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, तिथे साबणच हवा. त्यातल्या अल्कोहोलबद्दल ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. एवढे मात्र माहीत असावे की संगणक पुसण्यासाठी जे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते ते दारूतल्या अल्कोहोलपेक्षा वेगळे रसायन आहे आणि ते पिण्याचे नाही.

आणि ज्यांना तेही नको असेल त्यांच्यासाठी एक चांगली बातमी आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या रुग्णालयात २००६ मध्ये कीबोर्ड पुसण्याच्या वेगवेगळ्या द्रवांची तुलना केली गेली. जंतुनाशकांनी कळांवरचे ९५ टक्क्यांहून अधिक जिवाणू गेले. पण नुसत्या निर्जंतुक पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसल्यावरही जवळपास तसाच परिणाम दिसला. जंतुनाशकाचा फायदा हा की पुसल्यानंतरही त्याचा थोडा असर राहतो. तरी मुख्य काम पुसणारा हात करतो, बाटली नाही. तिथेच असेही दिसले की तीनशे वेळा पुसूनही कीबोर्ड बिघडले नाहीत आणि अक्षरे उडाली नाहीत. 'पुसला तर बिघडेल' ही शिपायाची भीती त्यामुळे दूर व्हावी.

पुसण्याची रीत

साहित्य घरातलेच आहे. रंगकामाचा नवा, मऊ, छोटा ब्रश, सुती किंवा मायक्रोफायबरचे दोन फडके, कानातली कापसाची काडी आणि वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब. ऐपत असेल तर मेडिकलमधून ७० टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणावे. शंभर टक्क्यांचे आणू नये. ते लवकर उडून जाते, त्यामुळे जंतू मारायला वेळ मिळत नाही. थोडे पाणी असले की काम नीट होते.

संगणक बंद करावा आणि कीबोर्डची वायर काढावी. बिनतारी असेल तर सेल काढावेत. लॅपटॉप असेल तर चार्जर आधी काढावा.

कीबोर्ड उलटा धरून हलकेच थोपटावा. मग ब्रशने कळांच्या मधली घाण एका बाजूला सारत काढावी. तोंडाने फुंकर मारू नये. फुंकरीबरोबर थुंकीचे कण आत जातात आणि धूळ आपल्याच डोळ्यांत येते.

फडके ओले करून घट्ट पिळावे. पाण्याचा थेंब गळता कामा नये. कीबोर्डवर थेट फवारा कधीही मारू नये, फडक्यावर मारावा. एंटर, स्पेस, बॅकस्पेस आणि आकड्यांच्या कळांवर सर्वांत जास्त बोटे पडतात, तिथे जास्त लक्ष द्यावे. कळांच्या कडा कापसाच्या काडीने पुसाव्यात. मग पाच-दहा मिनिटे वाळू द्यावे आणि नंतरच वायर जोडावी.

माउस तसाच पुसावा. दोन्ही बटणे, मधले चाक, बाजूची जागा जिथे अंगठा टेकतो आणि खालच्या गुळगुळीत पट्ट्या. पट्ट्यांवर मळ साचला की माउस अडखळतो आणि आपण मशीनला दोष देतो. खालचे लाल डोळ्यासारखे छिद्र फक्त कोरड्या काडीने साफ करावे.

अंगठा घेणाऱ्या मशीनच्या काचेवर पाणी किंवा साबण घालू नये. मऊ, कोरड्या फडक्याने हलकेच पुसावे आणि मशीनसोबतच्या सूचना पाहाव्यात. ब्लीचिंगचे पाणी फरशीला आणि संडासाला ठीक, कीबोर्डला नाही. धातूचे भाग गंजतात. ब्लीचिंग आणि संडास साफ करायचे आम्ल कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

चहा सांडला तर आधी वायर काढावी आणि कीबोर्ड लगेच उलटा करून ठेवावा. पुसत बसण्यात वेळ घालवू नये. साखरेचा चहा कळांखाली वाळला की कळा चिकटतात आणि मुंग्याही येतात. म्हणून खाणे-पिणे संगणकाच्या टेबलावर नकोच.

किती वेळा पुसायचे? एकट्याच्या वापरातला संगणक आठवड्यातून एकदा. सामायिक संगणक रोज एकदा. सेवा केंद्र, दवाखाना, शाळेचा संगणक कक्ष इथे पाळी बदलताना किंवा तास संपताना. साथीच्या दिवसांत त्याहून जास्त. त्याच वेळी टेलिफोनचा रिसीव्हर, प्रिंटरची बटणे, हेडफोन आणि दोरीने बांधलेले ते सर्वांचे पेन यांच्यावरूनही फडके फिरवावे.

पण पुसायचा कोणी?

रीत सोपी आहे, खर्च नावापुरता आहे. अडते ते या प्रश्नापाशी. कामाच्या जागेची स्वच्छता ही मालकाची जबाबदारी, हे कायदाही मानतो. पण आपल्याकडची बहुतेक सेवा केंद्रे, दुकाने, छोटी ऑफिसे दोन-तीन माणसांची. तिथे कायद्याचे बोट धरून कोणी येत नाही. तिथे बसलेली असते बारावी किंवा पदवी झालेली, एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र घेतलेली आपल्याच मोहल्ल्यातली एखादी मुलगी. दिवसभर शंभर जणांची कागदपत्रे हाताळायची, त्यांनी दिलेल्या नोटा मोजायच्या आणि त्याच बोटांनी टाइप करायचे. तिने मालकाकडे फडके आणि साबण मागितला तर 'फार नाजूक आहेस' असे ऐकावे लागते. ऐकून घ्यावे लागते, कारण नोकरी गावात आहे आणि घरच्यांनी तेवढ्यापुरतीच परवानगी दिली आहे.

म्हणून आमचे मालक मंडळींना सांगणे आहे. काउंटरवर साबण, पाण्याची सोय, फडके आणि ब्रश ठेवणे ही मेहेरबानी नाही, ते यंत्राच्या तेलपाण्यासारखे आवश्यक काम आहे. आजारी पडलेल्या ऑपरेटरचे तीन दिवस त्याहून महाग पडतात. आणि सुशिक्षित माणसांना सांगणे आहे की कीबोर्ड पुसणे हे हलके काम नाही. ज्याची बोटे त्या कळांवर चालतात त्याने उठताना दोन मिनिटे द्यावीत. टायपिंगच्या क्लासमध्ये कव्हर घालायला शिपाई येत नसे. ज्याने मशीन वापरले तोच घालत असे.

शाळांमध्ये हे सहज सुरू करता येईल. संगणक कक्षाच्या दारावर आठवड्याचा तक्ता लावावा. कोणत्या दिवशी कोणत्या वर्गाची कोणती दोन मुले कीबोर्ड-माउस पुसतील ते लिहावे. मुलींचीच नावे लिहू नयेत, मुलांचीही लिहावीत. शिक्षक खोलीतल्या संगणकासाठी शिक्षकांचाही तक्ता असावा आणि त्यात मुख्याध्यापकांचे नाव पहिले असावे. लाल डोळे किंवा जुलाब असलेल्या मुलाला त्या दिवशी संगणकावर न बसवता घरी आराम करू द्यावा. उपस्थितीच्या आकड्यापेक्षा ते बरे.

आपण वाचक बंधू-भगिनी पाकीची काळजी घेणारी माणसे. कपडे, जागा, शरीर पाक आहे की नाही हे आपण पाहतो. पण ती काळजी आपल्यापुरती ठेवून चालत नाही. ज्या वस्तूला आपल्यानंतर दुसऱ्याचा हात लागणार आहे, तिच्यावर त्या दुसऱ्या माणसाचाही हक्क आहे. तो कोण, कोणत्या समाजाचा, त्याच्या घरी कोण आजारी आहे, हे आपल्याला माहीत नसते. माहीत असण्याची गरजही नाही. मागे बसणाऱ्याला जागा पुसलेली मिळावी, एवढे आपल्या हातात आहे.

या महिन्यात प्रत्येकाने आपल्या कामाच्या ठिकाणी एवढेच ठरवावे: फडके कुठे ठेवायचे, पुसायची वेळ कोणती आणि आज पाळी कोणाची. तीन ओळी कागदावर लिहून संगणकाच्या बाजूला चिकटवाव्यात. पहिल्या दिवशी पाळी आपली लावावी. बाकीचे इन्शाअल्लाह मागोमाग येतील.